नियम तक्त्याचा की सत्राचा?

डेटाबेसवरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत ट्रिगरची व्याख्या एका वाक्यात उरकलेली असते: तक्त्यात ठराविक घटना घडली की आपोआप चालणारी छोटी आज्ञावली म्हणजे ट्रिगर. व्याख्या खोटी नाही. पण 'आपोआप' या शब्दातून जे आश्वासन मिळते ते प्रत्यक्षात पुरते पाळले जात नाही. ट्रिगर चालेल की नाही, चालला तर कोणत्या अर्थाने चालेल, आणि त्याने लिहिलेली नोंद कोठे जाऊन पडेल, या तिन्ही गोष्टी अनेकदा तक्त्यावर नव्हे, तर त्या क्षणी डेटाबेसशी जोडलेल्या माणसाच्या सत्रावर अवलंबून असतात. पुस्तके याविषयी सहसा मौन पाळतात, आणि डेटाबेस बनवणाऱ्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. या लेखात आम्ही ती उत्तरे तपासून पाहणार आहोत.

प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांच्या सोयीचा नाही. कोणत्याही संगणकीय दप्तरावरचा आपला विश्वास 'कोणी काही बदलले तर त्याची खूण मागे राहील' या गृहीतावर उभा असतो. अनेक ठिकाणी ही खूण ठेवण्याचे काम ट्रिगरकडे सोपवलेले असते. ते काम गुपचूप बंद पडत असेल, तर दप्तर आणि विश्वास दोन्ही पोकळ ठरतात.

ट्रिगर आणि सत्र

एक साधे उदाहरण घेऊ. शाळेच्या संगणकात 'गुण' नावाचा तक्ता आहे. गुण बदलले की जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचे नाव, वेळ आणि शेरा 'बदलनोंद' नावाच्या दुसऱ्या तक्त्यात लिहिले जावे, असा ट्रिगर बसवलेला आहे. ट्रिगर म्हणजे मुळात बंदुकीचा चाप. इथे गुण बदलण्याची क्रिया हाच चाप. याचा फायदा उघड आहे. गुण कोणत्या आज्ञावलीतून किंवा कोणत्या संगणकावरून बदलले, याला महत्त्व उरत नाही. कुलूप दाराला नव्हे, तिजोरीलाच लावलेले आहे.

आता सत्र म्हणजे काय ते पाहू. वापरणारा डेटाबेसशी जोडला गेला की सत्र सुरू होते आणि जोडणी तुटली की संपते. या काळापुरती प्रत्येकाला आपल्या सोयीची सेटिंग्ज ठेवता येतात: तारीख कशी लिहावी, वारांची नावे कोणत्या भाषेत यावीत, घड्याळ कोणत्या देशाचे धरावे, रकान्यात न मावणारा मजकूर आला तर तो छाटावा की चूक म्हणून परत पाठवावा, वगैरे. या सोयी आवश्यकच आहेत. वाचनालयात आलेल्याने टेबलावरचा दिवा आपल्या डोळ्यांना सोसेल तसा कमीजास्त केला तर कोणाची हरकत नसते. पण त्याने दिवा कमी केल्याबरोबर ग्रंथपालाच्या नोंदवहीतली शाईही पुसट होऊ लागली, तर ते वाचनालय विचित्रच म्हणावे लागेल. ट्रिगरच्या बाबतीत नेमके असे घडू शकते, कारण ट्रिगर तक्त्याचा असला तरी तो चालतो पाहुण्याच्या सत्रात.

ट्रिगरची कल्पना जुनी आहे. आयबीएममधील कपाली एस्वरन यांनी 1976 मध्ये ट्रिगर-व्यवस्थेची रचना आणि तिच्यातून उद्भवणारे प्रश्न यांवर अहवाल लिहिला होता. ओरॅकल 7 मध्ये 1992 साली ट्रिगर आले. एसक्यूएल या भाषेच्या प्रमाणात मात्र त्यांना 1999 साली जागा मिळाली. प्रमाण येईपर्यंत प्रत्येकाने आपापली वाट धरलेली होती. 'ट्रिगर चालताना सेटिंग्ज कोणाची मानायची?' या प्रश्नाची म्हणूनच तीन वेगळी उत्तरे आज पाहायला मिळतात: चालवणाऱ्याची, लिहिणाऱ्याची, आणि तिसरे म्हणजे चालवणाऱ्याने ट्रिगरच बंद ठेवण्याची मुभा.

पहिले उत्तर: चालवणाऱ्याची

ओरॅकलमधले एक नेहमीचे उदाहरण आहे: शनिवारी-रविवारी तक्त्यात बदल करू न देणारा ट्रिगर. तो आजच्या तारखेवरून वाराचे आखूड नाव काढतो आणि ते शनिवार-रविवारच्या तीन अक्षरी इंग्रजी नावांशी ताडून पाहतो. जुळले तर बदल नाकारतो. पण वाराचे नाव कोणत्या भाषेत निघावे, हे सत्राच्या भाषेवरून ठरते. कोणी जर्मन भाषेचे सत्र उघडले तर त्याच वारांची नावे दोन अक्षरी जर्मन निघतात, तुलना कधीच जुळत नाही आणि रविवारचे कुलूप आपोआप उघडते. चुकीचा संदेश येत नाही, कारण ट्रिगरच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

नावाऐवजी वाराचा क्रमांक घेतला तर सुटका होईल असे वाटेल. तीही होत नाही. अमेरिकी सेटिंगमध्ये रविवार पहिला, तर जर्मन सेटिंगमध्ये सोमवार पहिला. '1 आणि 7 या दिवशी बंद' असा नियम अमेरिकी सत्रात शनिवार-रविवार अडवतो आणि जर्मन सत्रात रविवार-सोमवार. बरे, ही सेटिंग्ज बहुधा वापरणाऱ्याच्या संगणकाकडून आपसूक येतात. आपण नियम मोडत आहोत, याची त्याला कल्पनाही नसते.

मायएसक्यूएलमध्ये वेळेची अशीच गंमत आहे. ट्रिगरने 'आत्ताची वेळ' विचारली तर ती सत्राच्या घड्याळाप्रमाणे मिळते. ती 'डेटटाइम' जातीच्या रकान्यात लिहिली तर जशीच्या तशी राहते. भारतीय वेळेनुसार सकाळी 10 वाजता केलेला बदल, सत्राचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर पहाटे 4.30 चा म्हणून नोंदला जातो. कार्यालय उघडण्यापूर्वी गुण कोणी बदलले, याची चौकशी उगाच सुरू व्हायची! त्याच ठिकाणी 'टाइमस्टँप' जातीचा रकाना घेतला तर वेळ आत प्रमाणवेळेत साठवली जाते आणि हा घोटाळा टळतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'रोकाउंट' नावाचे सेटिंग आहे. 'एका आज्ञेने इतक्याच ओळी हाताळाव्यात' अशी मर्यादा त्याने सत्राला घालता येते. ही मर्यादा ट्रिगरच्या आतल्या आज्ञांनाही लागू होते. एखाद्याने एकेक विद्यार्थी काळजीपूर्वक दुरुस्त करावा म्हणून मर्यादा 1 ठेवली, आणि ट्रिगरने एका विद्यार्थ्यासाठी सहा विषयांच्या सहा ओळी एका आज्ञेने दुसरीकडे लिहायच्या असल्या, तर एकच ओळ लिहिली जाईल. काळजी घेणाऱ्याच्याच हातून नोंद अर्धवट राहावी, हे विपरीत आहे. ट्रिगरच्या सुरुवातीलाच ही मर्यादा शून्य करणे, म्हणजे काढून टाकणे, हा उपाय. पण तो ट्रिगर लिहिणाऱ्याला आधी सुचायला हवा.

सर्वांत गंभीर उदाहरण पोस्टग्रेसचे आहे. तिथे तक्ते 'स्कीमा' नावाच्या कप्प्यांत ठेवलेले असतात. ट्रिगरमध्ये नुसते 'बदलनोंद' असे नाव लिहिले, कप्पा सांगितला नाही, तर डेटाबेस ते नाव सत्राच्या शोधमार्गाप्रमाणे एकेका कप्प्यात शोधतो. या शोधात सत्रापुरत्या तात्पुरत्या तक्त्यांचा कप्पा, वेगळे काही सांगितले नसेल तर, सर्वांत आधी येतो. आणि तात्पुरता तक्ता तयार करण्याची परवानगी मुळात सर्वांनाच दिलेली असते. आता विचार करा. कोणी सत्र उघडून 'बदलनोंद' याच नावाचा, तशाच रकान्यांचा तात्पुरता तक्ता बनवला आणि मग गुण बदलले, तर ट्रिगर चालतो, नोंदही इमानेइतबारे लिहितो. पण ती त्या तात्पुरत्या तक्त्यात. सत्र संपले की तक्ता नाहीसा होतो आणि त्याबरोबर नोंदही. खऱ्या नोंदवहीला हात लावण्याचा अधिकार त्या माणसाला नसला तरी काही बिघडत नाही, कारण त्याने तिला हात लावलेलाच नसतो!

यावर उपाय आहेत. ट्रिगरमध्ये तक्त्याचे नाव कप्प्यासकट लिहावे, किंवा ट्रिगरच्या आज्ञावलीलाच तिचा स्वतःचा शोधमार्ग जोडून द्यावा आणि त्यात तात्पुरता कप्पा शेवटी टाकावा. ही दुसरी सोय 2008 साली आलेल्या 8.3 या आवृत्तीपासून आहे. तरीही आमचा आक्षेप कायम राहतो. सुरक्षित वागणूक मागून घ्यावी लागते आणि असुरक्षित वागणूक न मागता मिळते, हा क्रम उलटा आहे.

दुसरे उत्तर: लिहिणाऱ्याची

मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर 2005 साली 5.0 या आवृत्तीत आले. तिथे 'एसक्यूएल मोड' या महत्त्वाच्या सेटिंगबाबत वेगळा निर्णय घेतलेला आहे. ट्रिगर तयार करताना जो मोड असेल तो ट्रिगरबरोबर साठवला जातो, आणि पुढे कोणत्याही सत्रात ट्रिगर चालला तरी तोच मोड लागू होतो. म्हणजे अर्थ गोठवला जातो. नियम ज्या अर्थाने लिहिला त्याच अर्थाने वाचला जावा, हे तत्त्व आम्हाला योग्य वाटते.

पण यालाही किंमत आहे. काटेकोर मोडमध्ये न मावणारा मजकूर चूक म्हणून नाकारला जातो. सैल मोडमध्ये तो छाटून ठेवला जातो आणि फक्त एक इशारा मिळतो. समजा, शेऱ्याचा रकाना 20 अक्षरांचा आहे आणि ट्रिगरने 'पुनर्मूल्यांकनानंतर गुण कमी केले' असा शेरा लिहिला. संगणक काने, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजतो. त्यामुळे 'पुनर्मूल्यांकनानंतर' हा एकच शब्द 19 अक्षरांचा होतो, आणि पुढची मोकळी जागा धरून 20 भरतात. गुण कमी केले की वाढवले, हेच नेमके छाटले जाते!

2015 साली आलेल्या 5.7 या आवृत्तीपासून काटेकोर मोड हीच मूळ स्थिती झाली. वापरणाऱ्यांना वाटले, आता छाटाछाट संपली. पण सैल मोडच्या काळात तयार केलेले ट्रिगर सैलच राहिले. सत्र काटेकोर, तक्ता काटेकोर, मधला ट्रिगर मात्र जुन्या काळातला. ट्रिगरचा मजकूर कितीही वेळा वाचला तरी हे कळत नाही, कारण मोड मजकुरात लिहिलेला नसतो. तो पाहायला 'शो क्रिएट ट्रिगर' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. सोय आहे, पण तिकडे पाहायचे असते हे ठाऊक असणाऱ्यासाठीच.

शिवाय मायएसक्यूएलने मोड गोठवला, पण वर सांगितलेले घड्याळ गोठवले नाही. एसक्यूएल सर्व्हरही असाच अर्ध्यावर थांबतो. अवतरणचिन्हांचा अर्थ आणि 'नल' म्हणजे रिकाम्या मूल्याची तुलना, ही दोन सेटिंग्ज तो ट्रिगरबरोबर साठवतो. बाकीची बरीचशी चालवणाऱ्याच्या सत्रातून घेतो. यामागे ऐतिहासिक कारणे असतील. पण शिकणाऱ्याला यातून नियम सापडत नाही, केवळ यादी पाठ करावी लागते.

तिसरे उत्तर: चाप काढून ठेवणे

पोस्टग्रेसमध्ये 'सेशन रेप्लिकेशन रोल' नावाचे सेटिंग आहे. त्याचे मूल्य 'ओरिजिन' असते तोवर ट्रिगर नेहमीप्रमाणे चालतात. ते 'रेप्लिका' केले की त्या सत्रात साधे ट्रिगर चालतच नाहीत. हे वाचून धक्का बसेल, पण त्यामागचे कारण रास्त आहे. एका डेटाबेसची नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवायची असेल तर मूळ ठिकाणी ट्रिगरने लिहिलेल्या ओळीही नकलेबरोबर येतात. नकलेच्या जागी ट्रिगर पुन्हा चालला तर प्रत्येक नोंद दोनदा होईल.

अडचण पुढे आहे. पोस्टग्रेसमध्ये एका तक्त्याचे दुसऱ्याशी असलेले नाते, म्हणजे 'फॉरेन की', हेसुद्धा आतून ट्रिगरनेच सांभाळलेले असते. त्यामुळे 'रेप्लिका' सत्रात तेही पहारे उठतात. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात नसलेल्या क्रमांकाचे गुण बिनबोभाट भरता येतात, आणि सेटिंग पूर्ववत केल्यावर आधी शिरलेल्या चुकीच्या ओळी कोणी तपासत नाही. हे सेटिंग बदलण्याचा अधिकार सर्वांना नसतो, तो मुख्य प्रशासकाकडे किंवा त्याने नेमलेल्याकडे असतो, ही जमेची बाजू. ट्रिगर 'नेहमी चालावा' अशी खूण करता येते, म्हणजे तो कोणत्याही सत्रात चालतो, ही दुसरी. पण ती खूणही लिहिणाऱ्याने मुद्दाम करायची असते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे सर्व ऐकून विश्वास ठेवण्यापेक्षा करून पाहणे चांगले. त्यासाठी एसक्यूलाइट हा विनामूल्य डेटाबेस सोयीचा आहे. तो साध्या संगणकावर चालतो. अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. 'गुण' तक्ता बनवा आणि विद्यार्थी-क्रमांक हा त्याची प्राथमिक की ठेवा. ओळ पुसली गेली की जुने गुण 'बदलनोंद'मध्ये लिहिणारा ट्रिगर बसवा. क्रमांक 7 ला 62 गुण भरा. मग 'रिप्लेस' आज्ञेने क्रमांक 7 ची ओळ 82 गुणांची करा. ही आज्ञा जुनी ओळ पुसून नवी घालते. आता 'बदलनोंद' उघडून पाहा: ती रिकामी असेल.

यानंतर 'रिकर्सिव्ह ट्रिगर्स' हे प्राग्मा चालू करा आणि 'रिप्लेस'ने 92 गुण भरा. या वेळी 'बदलनोंद'मध्ये 82 ची ओळ सापडेल. तक्ता तोच, ट्रिगर तोच, आज्ञा तीच. बदलले ते फक्त सत्राचे सेटिंग. त्यातही त्या सेटिंगच्या नावावरून पुसलेल्या ओळीशी त्याचा काही संबंध असेल असे कोणाला वाटावे? जोडणी तोडून पुन्हा जोडा, सेटिंग परत बंद झालेले दिसेल. 62 हा आकडा मात्र कोठेच उरलेला नाही. विद्यार्थ्यांना तो शोधायला सांगा. न सापडण्यातूनच धडा मिळेल.

आमचे मत

तिन्ही उत्तरे तपासल्यावर आम्हाला एक भेद महत्त्वाचा वाटतो. जे सेटिंग केवळ माहिती दाखवण्यापुरते आहे, ते पाहुण्याचे असावे. तारीख कशी दिसावी, हे त्याने खुशाल ठरवावे. जे सेटिंग कायमचे लिहिले जाणारे बदलते, ते मात्र नियम लिहिणाऱ्याचेच असले पाहिजे. आजचे डेटाबेस या दोहोंना 'सेटिंग' या एकाच नावाखाली, एकाच पेटीत ठेवतात. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. या कसोटीवर मायएसक्यूएलचा गोठवण्याचा निर्णय दिशेने बरोबर पण अपुरा आणि दडलेला आहे. पोस्टग्रेसचे ट्रिगर बंद ठेवण्याचे सेटिंग धोकादायक असले तरी ते प्रशासकाच्या हाती आहे. तिथला शोधमार्ग मात्र कोणाच्याही हाती आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा.

'जाणकार माणूस या चुका करत नाही' असे यावर म्हटले जाते. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ट्रिगर लिहिणारा आपल्या सत्रात तो तपासतो. तिथे त्याचीच भाषा, त्याचेच घड्याळ, त्याचाच शोधमार्ग असतो, म्हणून चाचणी उत्तीर्ण होते. दोष दिसतो तो परक्या सत्रात, आणि तोही दिसतोच असे नाही. यंत्र अडले तर माणूस दुरुस्ती करतो. यंत्राने गुपचूप चुकीचे लिहिले तर दुरुस्ती कोणी आणि कधी करायची?

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? व्याख्येत अर्धे वाक्य वाढवावे: ठराविक घटना घडली की, त्या सत्राची सेटिंग्ज आड येत नसतील तर, आपोआप चालणारी आज्ञावली म्हणजे ट्रिगर. प्रात्यक्षिकात प्रत्येक ट्रिगर निदान दोन वेगळ्या सेटिंग्जच्या सत्रांतून तपासायला लावावा. आणि परीक्षेत 'ट्रिगर म्हणजे काय?' याऐवजी 'हा ट्रिगर केव्हा चालणार नाही?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. दुसऱ्यासाठी नियम कोणाच्या हाती आहे, याचा विचार करावा लागतो.